बोट दाबलं, खड्डा पडला नाही

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरात रोज रात्री एकच भांडण. कूलरचं. अकोल्याकडचा मे म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर पोळतो, रात्री अकरा वाजता भिंतीला पाठ टेकवत नाही. सगळं घर कूलरसमोर ओळीनं आडवं झालेलं असायचं आणि मी उठून बटण बंद करायचो. मला थंडी वाजायची. एका रात्री तर मी पेटीतून हिवाळ्यातला स्वेटर काढून घातला आणि वर वाकळ ओढून झोपलो. पोरानं तसाच मोबाईलवर फोटो काढला, पाहुण्यांना पाठवला. सगळे हसले. मीही हसलो.

"बाबा, तुमाले मलेरिया तं नाही झाला?" पोरगा म्हणे. ताप पाहिला, तर थर्मामीटरचा पारा नव्वदीतच अडकलेला. ताप नाही म्हणजे आजार नाही, असा आमचा हिशोब.

माझी गावात पिठाची गिरणी आहे आणि साडेतीन एकर वावर. वय तेव्हा बावन्न. गाव तेल्हाऱ्याच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खोदली, बोअर मारला, तरी जिभेला लागतं ते खारट पाणीच. त्या पाण्यानं साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. आता वान धरणाचं पाणी नळाला येतं, पण ते येतं तेव्हा येतं. आणि या पट्ट्यात किडनीचे पेशंट गावोगाव. आमच्या समोरच्या घरातले नाना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. म्हणून आमच्याकडे कोणाचं तोंड सुजलं की लोक दुसरं काही बोलतच नाहीत. एकमेकांकडे पाहतात आणि गप्प होतात.

माझं तोंड सुजलं होतं. सकाळी उठलो की पापण्या फुगलेल्या, डोळे बारीक. लग्नातली अंगठी बोटातून निघेना, शेवटी साबण लावून काढली. वजन ७२ चं ८१ झालं, आणि खाणं मात्र निम्म्यावर. एका भाकरीतच पोट भरायचं. पोट साफ होत नसे, दोन-दोन चमचे इसबगोल घेऊनही. हे सगळं एकदम झालं नाही, म्हणून लक्षात आलं नाही. दिवाळीपासून हळूहळू चाललं होतं. चाळीस किलोचं गव्हाचं पोतं मी एका झटक्यात खांद्यावर घ्यायचो, ते फाल्गुनात दोघांनी उचलावं लागलं. मांड्यांत गोळे यायचे. आवाजही बसला. आमच्या गावात संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, त्यात मी पुढं बसून म्हणायचो. माझा आवाज असा जाड, घोगरा झाला की एकानं विचारलं, "भाऊ, थोडी घेतली काय?" माणूस माळकरी असून असं ऐकून घ्यावं लागलं. मी सर्दी म्हणून आल्याचा चहा घेत राहिलो.

शेवटी घरचीनं जबरदस्तीनं तालुक्याला नेलं. तिथं रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, १.९. खाली लॅबनं लिहिलेलं, पुरुषांसाठी १.३ पर्यंत. कोलेस्टेरॉल ३१२. मला त्यातलं एकच अक्षर कळलं. क्रिएटिनिन हा शब्द आमच्याकडे दहावी नापास माणसालाही पाठ आहे. नानांमुळे मलाही होता.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली आणि शहरातल्या किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्या आकारानं बरोबर, दगड नाही, अडथळा नाही. लघवीत प्रोटीन नाही. आज मला कळतं की हा रिपोर्टच ओरडून सांगत होता, मूळ दुखणं कदाचित किडनीत नाही. किडनी आतून खराब होत आली की बरेचदा लघवीत प्रोटीन जायला लागतं, जुनाट आजारात किडनी बहुतेक वेळा आक्रसते. इथं त्यातलं काहीच नव्हतं. पण तेव्हा ते मला कोण सांगणार? "सुरुवात आहे, सांभाळा, महिन्यानं दाखवा," एवढं ऐकून बाहेर आलो. गर्दी अशी की माझ्या मागं तीस-चाळीस माणसं बसलेली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर दिवसभर खारपाणपट्ट्यातलीच माणसं येतात, मी त्यातलाच एक. आणि माझं दुखणं पुढं निघालं ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं. थायरॉईड म्हणजे बायकांचा आजार, असं त्यांना वाटलं नसेल, पण कोणाच्याही डोक्यात पहिल्यांदा पुरुषाचं नाव येत नाही हे खरं आहे.

घरी आल्यावर गावानं उपचार सुरू केले. एक म्हणाला, "पाणी पे भाऊ, भरपूर पे, सारं धुवून निघते." दुसरा म्हणाला, "मीठ सोड, मिठानंच किडनी जाते." दोघांचंही ऐकलं. पाण्याचे कॅन लावले आणि दिवसाला आठ-नऊ तांबे पाणी रिचवायला लागलो. तहान नसताना, औषधासारखं, घड्याळ पाहून. जेवण आळणी. बिनमिठाचं वरण आणि भाकर. कुठून तरी किडनीचा काढा आणला, तोही दोन महिने प्यालो. आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरूच होती, तिनं तर मांड्या अशा दुखायच्या की गिरणीचा ओटा चढताना हातानं पाय उचलून ठेवायचो.

एक रात्र आठवते. लाईट गेली होती, ओसरीवर बसलो होतो. घरची एकदम म्हणाली, "मी देतो माही. माही जुळली नाही तं पोराची पाहू." मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते. मग मी म्हणालो, रस्त्याच्या कडेचं एक एकर विकू. ती म्हणाली, "वावर कायले इकता, आधी पाहू तं द्या काय होते." बराच वेळ कोणी बोललं नाही. नानांच्या घरात टॉर्चचा उजेड दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा डायलिसिसचा वार होता, पिशवी भरत असतील.

आषाढ लागला आणि मी बिघडलो. गिरणीवर एका बाईनं गहू आणि हरभऱ्याची डाळ असे दोन डबे आणून ठेवले होते. मी दोन्ही एकाच हॉपरमध्ये ओतले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती बाई ओरडली तर मी नुसता तिच्याकडे पाहत राहिलो. पैसे परत देताना पन्नासची नोट की पाचशेची ते कळेना. डोकं दुखत होतं, मळमळत होतं. संध्याकाळपर्यंत मी पोराचं नाव घेताना अडखळलो. रातोरात अकोल्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं निघालं रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, ११८. असायला हवं १३५ ते १४५ च्या दरम्यान.

त्या रात्रीचं मला थोडंच आठवतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र शुद्धीवर होतो. एक तरुण डॉक्टरीण आली, शिकत असलेली असावी, हातात पाटी. तिनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला. मनात म्हटलं, आता खड्डा पडणार. नानांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो, ते मी पाहिलं होतं. तिनं दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, अंगठा काढला. काही नाही. कातडी लगेच जागेवर. रबरासारखी. तिनं पुन्हा दाबलं, दुसऱ्या पायावर. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. भुवयांच्या बाहेरच्या टोकांकडे. तिथले केस कधी गेले मला कळलंच नव्हतं.

"काका, घरी कूलर लावता का?"

घरची बाजूलाच होती. तिनं जे सांगायला सुरुवात केली ते थांबेना. स्वेटर, वाकळ, फोटो, सगळं. डॉक्टरीणबाई ऐकत होती आणि हसत नव्हती. मग तिनं मला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं, पावलं मागं लोंबती. छोट्या हातोडीनं टाचेच्या वरच्या शिरेवर मारलं. पाऊल झटकन खाली गेलं आणि मग परत येताना सावकाश, सावकाश आलं. तिनं शेजारच्या दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. त्यानंही मारून पाहिलं. पुन्हा तसंच. दोघं एकमेकांकडे पाहून खूश झाले, जसं पोरांना वडाच्या ढोलीत पोपटाचं पिल्लू सापडावं. मला थोडा रागच आला, पण तो आनंद माझ्याच कामाचा होता.

रक्त गेलं. टीएसएच १०० च्या वर. नॉर्मल साधारण ०.४ ते ४. म्हणजे मेंदूच्या खालची ग्रंथी ओरडून ओरडून थायरॉईडला काम कर म्हणत होती, आणि गळ्यातली थायरॉईड उत्तरच देत नव्हती. टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, जवळजवळ नाहीच. थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर, म्हणजे माझ्या शरीरानंच माझी ग्रंथी खाऊन टाकलेली. सीपीके नावाची एक तपासणी असते, स्नायूंना इजा झाली की वाढते, ती १६४० होती. नाडी मिनिटाला ४८. हृदयाभोवती थोडं पाणी.

मी विचारलं, "मग किडनीचं काय?"

तिनं विचारलं, "काका, तुम्ही काय करता?" गिरणी म्हटल्यावर ती म्हणाली, "व्होल्टेज कमी असलं की काय होतं?"

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे रब्बीच्या हंगामात सगळे कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. गिरणीचे दगड तेच, टाकी लावलेली ताजी, पट्टा ताणलेला, आणि तासाला तीन पायल्यांऐवजी एक पायली दळून होते. दगडांत काहीच दोष नसतो. तिनं सांगितलं ते असं: थायरॉईडचं संप्रेरक कमी झालं की हृदय मंद चालतं, प्रत्येक ठोक्याला रक्त कमी फेकतं, बाहेरच्या रक्तवाहिन्या आखडून जातात. किडनीकडे जाणारं रक्त कमी पडतं आणि ती मिनिटाला जेवढं गाळायची तेवढं गाळत नाही. क्रिएटिनिन रक्तात साठतं. वर आणखी एक. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. माझे स्नायू थायरॉईडमुळे आधीच खराब झालेले, त्यात कोलेस्टेरॉलच्या गोळीनं भर घातली. म्हणजे एकीकडे माल जास्त येत होता आणि दुसरीकडे चक्की हळू. आणि कोलेस्टेरॉल? तेसुद्धा थायरॉईडमुळेच वाढलेलं. थायरॉईड कमी असताना ती गोळी स्नायूंना जास्त बाधते, म्हणून तिनं ती त्याच दिवशी बंद केली.

पाण्याचं मात्र मला जरा उशिरा समजलं. मला वाटलं होतं, मीठ सोडल्यामुळे सोडियम कमी झालं. तसं पूर्ण खरं नव्हतं. किडनीला जास्तीचं पाणी बाहेर टाकायचं असेल तर आधी पुरेसं रक्त गाळून यावं लागतं, मग त्यातलं मीठ परत घेऊन फिक्कं पाणी लघवीत सोडता येतं. गाळणंच कमी, तर सोडायला पाणी कुठून? शिवाय शरीराला वाटतं की रक्त कमी पोहोचतंय, म्हणून पाणी धरून ठेवणारं एक संप्रेरक मेंदूकडून सुटत राहतं, नको असताना. त्यात मी मीठ सोडलेलं, खाणंही निम्म्यावर, आणि किडनीला पाणी टाकायलाही थोडेफार क्षार सोबत लागतातच. आणि वरून मी दिवसाला आठ-नऊ तांबे ओतत होतो. मोरी तुंबलेली आणि आपण वरून पाणी घालतोय. वरणात मीठ तेवढंच असलं तरी पाणी वाढलं की ते आळणी लागतं. माझं रक्त आळणी झालं होतं. मेंदूच्या पेशी त्या आळणी पाण्यानं फुगतात, म्हणून डाळ आणि गहू एकाच हॉपरमध्ये.

आणि सूज? ती साध्या पाण्याची नव्हती. थायरॉईड कमी पडलं की कातडीखाली साखरेच्या साखळ्यांसारखा एक चिकट पदार्थ साठतो आणि तो पाणी धरून बसतो. सब्जाचं बी भिजवलं की त्याच्याभोवती बुळबुळीत गोळा धरतो ना, दाबलं तरी पाणी सुटत नाही, तसं. म्हणून अंगठ्याचा खड्डा पडत नव्हता. आवाज घोगरा झाला तोही घशातल्या त्याच सुजेनं. माळकरी माणूस सुटला आरोपातून.

गंमत अशी की थायरॉईड सापडलं तरी त्यांनी लगेच गोळी दिली नाही. आधी सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतलं. किडनीच्या वर बसलेल्या ग्रंथीही कमी काम करत असतील आणि आधी थायरॉईडची गोळी दिली, तर माणूस अचानक कोसळू शकतो, म्हणून ते पाहून घेतात. माझं बरोबर निघालं. मग सुरू झाली गोळी, २५ मायक्रोग्रॅमची. इतकी लहान की घरचीला वाटलं फसवतात. हृदय मंद आणि भोवती पाणी, अशा माणसाला एकदम मोठी मात्रा दिली तर हृदयालाच झेपत नाही.

सोडियमही घाईनं वाढवत नाहीत. पहिल्या रात्री मेंदूला सूज म्हणून थोडं जास्त मिठाचं सलाईन मशीनवर थेंब थेंब मोजून दिलं, नंतर ते बंद. दर सहा तासांनी बोटाएवढी नळी रक्त. दुसऱ्या दिवशी १२४, मग १२९, मग १३३. पोरगा म्हणाला, एकदम का नाही चढवत? सिस्टरनंच सांगितलं की चोवीस तासांत फार वेगानं वाढवलं तर मेंदूच्या नसांना कायमची इजा होऊ शकते. आणि पाणी दिवसाला एक लिटर. चहा, औषधाचं पाणी, सगळं धरून. खाटेजवळ एका प्लास्टिकच्या बाटलीवर पेननं रेघा मारून ठेवल्या होत्या. जुलैच्या उकाड्यात एक लिटर. ज्या माणसाला दोन महिने तहान नसताना पाणी पाजलं, त्याला आता तहान असून मोजून पाणी. चौथ्या दिवशी मी सिस्टरला हात जोडले. तिनं ओठांवर ओला कापूस फिरवला आणि गेली.

आठव्या दिवशी घरी आलो. त्यानंतरच्या दोन आठवड्यांबद्दल कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचो. घरची घाबरली, साखर झाली की काय म्हणून. साखर नव्हती. किडनीत रक्त यायला लागलं होतं, धरून ठेवलेलं पाणी सुटत होतं. पंधरा दिवसांत वजन ८१ वरून ७६ वर. पापण्या उतरल्या. एक दिवस आरशात पाहिलं तर गालाचं हाड दिसलं. नंतर पोरानं मोबाईलवर वाचून दाखवलं की १८९१ साली इंग्लंडमधल्या मरे नावाच्या डॉक्टरनं अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला होता आणि ती पुढं अठ्ठावीस वर्षं जगली. आमच्या गावात धनगरांचे वाडे आहेत, आणि मेंढीच्या गळ्यात असं काही असतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

आता गोळीचं. ती रिकाम्या पोटी घ्यायची, पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. ज्याला पहाटे पाचला चहाशिवाय डोळा उघडत नाही त्याला हे सांगा. दीड महिन्यानं टीएसएच पाहिलं, तेव्हा ते ४२ होतं. गोळी ५० ची केली. पुन्हा दीड महिन्यानं ३१. ७५ ची केली. तरी अठराच्या खाली जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, गोळी चुकते का?" नाही म्हटलं. "मग सकाळी काय खाता?"

त्याचं उत्तर माझ्या गिरणीतच होतं. आमच्याकडे सोयाबीन भरपूर. गव्हात दहाला एक सोयाबीन घालून दळायचं, पौष्टिक म्हणून, ही सवय गावाला मीच लावली. आणि आजारपणानंतर घरचीनं माझ्यासाठी ते प्रमाण वाढवलं होतं. सकाळी गोळी घेतली की वीस मिनिटांत सोयाबीनच्या पिठाची गरम पोळी पुढ्यात. सोबत अशक्तपणा म्हणून मेडिकलवाल्यानं दिलेली कॅल्शियमची गोळी. सोयाबीन, कॅल्शियम, लोह, पोटातल्या आम्लाच्या काही गोळ्या, हे सगळं थायरॉईडच्या गोळीला आतड्यातून रक्तात नीट जाऊ देत नाही. कॅल्शियम बंद केलं. तिनं सोयाबीन बंद करायला सांगितलं नाही, फक्त सकाळऐवजी रात्री खायला सांगितलं. मीही एक शिस्त लावून घेतली. पहाटे साडेचारला गोळी, मग गिरणीवर जाऊन दगडावर ब्रश मारणं, पीठ झाडणं, पट्टा पाहणं, आणि साडेपाचला चहा. दोन महिन्यांत टीएसएच ३.२.

मधे एक भाचा आला होता, नागपुरात नोकरी करतो. त्यानं सैंधव मीठ आणलं आणि आयोडीनच्या मिठानंच हे होतं असं काहीतरी सांगितलं. दुसऱ्यानं उलट सांगितलं, आयोडीन कमी पडलं असेल, जास्त मीठ खा. डॉक्टरीणबाईला दोन्ही सांगितलं तर ती म्हणाली, "साधं आयोडीनचं मीठ, स्वयंपाकात लागतं तेवढं. तुमची ग्रंथीच गेली आहे, तिला जास्त आयोडीन देऊन ती उठणार नाही." भाच्याचं मीठ आम्ही लोणच्यात वापरलं.

क्रिएटिनिनचे आकडे मी गिरणीच्या भिंतीवर, उधारीच्या यादीशेजारी खडूनं लिहून ठेवले आहेत. १.९, मग दीड महिन्यानं १.५, तीन महिन्यांनी १.२, सहा महिन्यांनी १.१. कोलेस्टेरॉल गोळीशिवाय १९४. पोतं मी अजून एकट्यानं उचलत नाही, पण ते वयामुळे असेल. रस्त्याच्या कडेचं एकर अजून आमचंच आहे, यंदा त्यात तूर आहे.

गावात हे कळलं आणि मग एक अवघड गोष्ट झाली. नानांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, बाबाचंबी थायरॉईडच असंन का?" मी त्याला नाही म्हणू शकलो नाही. म्हटलं, तपासून तं पाहू. नानांचं रक्त डायलिसिसच्या वेळीच तपासायला दिलं. थायरॉईड थोडं कमी निघालं, पण किडनीच्या आजारातही ते थोडंफार हलतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नानांच्या दोन्ही किडन्या सोनोग्राफीत लहान झालेल्या होत्या, लघवीत प्रोटीन पहिल्यापासून. त्यांचे दगडच झिजलेले होते, व्होल्टेजचा प्रश्न नव्हता. मुलगा रिपोर्ट घेऊन माझ्या ओट्यावर बराच वेळ बसला. मी गिरणी सुरू करून दिली, आवाजात बोलावं लागत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी नाना स्वतः आले. काठी टेकत, हातात स्टीलचा छोटा पेला. दिवसाला लिटरभर पाण्याचा हिशोब ते त्या पेल्यानं ठेवतात, अडीचशेचा पेला, चार वेळा. मी नुकताच पिठानं माखलेला बाहेर आलो होतो आणि माठातून तांब्याभर पाणी घशात ओतत होतो. ते पाहत राहिले.

"आता किती पेतं रे दिवसाचं?"

"मोजत नाही नाना. तहान लागली का पेतो."

त्यांनी मान हलवली, आपल्या पेल्यात पाहिलं. त्यात अजून दोन बोटं पाणी होतं. ते त्यांनी प्यायलं नाही, झाकून घेतलं, आणि उद्याच्या दळणाचं विचारलं.